समुद्राची हवा लागलेली वाईन

धक्क्याला बांधलेलं एक जहाज. मेणात उमटलेला अंगठा. मेहुण्याचं वाकडं तोंड. पिंपांत तीन वर्षं पडून असलेली लाल वाईन. रविवारचं जेवण.

वस्तूची गुणवत्ता तिने केलेल्या प्रवासावर अवलंबून असते, हे आता सर्वमान्य आहे. (माणसांचंही तसंच, पण तो विषय दुसऱ्या खात्याकडे येतो.)

आपल्या राष्ट्रीय वाईन मंडळाने हे वेळीच ओळखलं. त्या वर्षी देशी वाईनची देशात एकूण विक्री एकशे बारा बाटल्या. त्यातल्या चाळीस एका बागायतदाराने स्वतःच्याच विकत घेतल्या होत्या. दुकानदाराला वाईट वाटू नये म्हणून. हा गृहस्थ द्राक्षं पिकवतो, वाईन मुरवतो. त्याची बायको बुचांवर मेण ओतून अंगठ्याने दाबते. अंगठ्यावर कात्रीचा जुना व्रण आहे, तोही मेणात उमटतो. बागायतदाराची वीस वर्षं एकच इच्छा: मेहुण्याने एकदा तरी तोंड वाकडं न करता आपली वाईन प्यावी.

मेहुणा परदेशी वाईनच पितो.

मंडळाने योजना आखली. देशी वाईन जहाजाने बाहेर जाईल, नवं लेबल लावून परत येईल. (बूच तेच राहील. मेण खरवडणाऱ्याचं पद मंजूर नाही.) पहिल्या वर्षाचे आकडे बोलके आहेत.

निर्यात: एक लाख बाटल्या.

आयात: नव्व्याण्णव हजार नऊशे शहाण्णव. उरलेल्या चार खलाशांनी संपवल्या. त्या 'वाढती परदेशी मागणी' या रकान्यात दाखवल्या आहेत.

देशी विक्री: विभाग बंद केल्यामुळे मोजायला कोणी नव्हतं.

बागायतदाराची पिंपं रिकामी झाली. अट एकच: बाटली मुळात कुठली, हे कुणी बोललं की योजना बंद, आणि वाईन पुन्हा पिंपांत.

मग तो रविवार. मेहुणा काखेत बाटली मारून जेवायला आला.

"भाऊजी, आज खरी वाईन पाजतो. नाहीतर तुमचं ते खोकल्याचं औषध!"

बायकोने बाटली हातात घेतली. मेणावरचा व्रण पाहिला. टेबलाखाली नवऱ्याच्या पायावर पाय दिला.

मेहुण्याने घोट घेतला, डोळे मिटले. "अहाहा! समुद्राची हवा लागलीय हिला. लगेच कळतं. खरं सांगा भाऊजी, जमेल तुम्हाला असं काही?"

बागायतदाराने ते तोंड नीट पाहून घेतलं. कुठेही वाकडं नव्हतं.

"छे," तो म्हणाला. "आपल्याच्याने नाही व्हायचं."

"ऐकलंस ना ताई? केलं एकदाचं कबूल!"

"ऐकलं," ताई म्हणाली. "ओत आणखी."

मंडळाने या प्रसंगाची नोंद 'निर्यातवाढीत कुटुंबाचा वाटा' या शीर्षकाखाली घेतली आहे.

प्रस्तुत अहवाल दोन वर्षं मंडळाच्या कचेरीत कुंडीखाली पडून होता. कुणी उघडला नाही. मग तोही त्याच जहाजावर चढवला आणि परदेशी मुखपृष्ठ लावून उतरवून घेतला. तुम्ही इथपर्यंत वाचत आलात. समुद्राची हवा तुम्हालाही जाणवली असेलच.

पहिल्या पानावर द्यायची राहून गेलेली नोंद: जहाजाचं इंजिन पहिल्या फेरीच्या आधीच काढून ठेवलं होतं.