फक्त बूट राहिलेत

जी गोष्ट सुरळीत चालू आहे, तिच्यात सुधारणा करणं सर्वांत तातडीचं असतं. बिघडलेली गोष्ट काय, कधीही दुरुस्त करता येते. पण चांगली चाललेली गोष्ट एकदा बिघडली की तिच्यात सुधारणा करायची संधी कायमची गेली. आमच्या नोंदणी कार्यालयात हे तत्त्व कसोशीने पाळतात आणि मी तिथे एकोणीस वर्षं आवक-जावक बघत असल्यामुळे ते माझ्या अंगात चांगलंच मुरलं आहे.

घरी आमच्या कॉम्प्युटरवर अकरा वर्षांपूर्वीचा एक फुटबॉल गेम होता. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन आहे. नऊ महिने तो समुद्रावर असतो आणि सुट्टीवर आला की एक दुपार माझ्याकडे काढतो. त्या दुपारी आम्ही दोघं एकाच बाजूने हा गेम खेळतो. आम्हाला समोरासमोर बसून बोलता येत नाही. शेजारी बसून, पडद्याकडे बघत, सगळं बोलता येतं. (प्रकृती, घर आणि आईची आठवण हे विषय आम्ही कॉर्नर किक मिळाल्यावर घेतो.) वर्षभर मी या दुपारची वाट बघतो, हे इथे नमूद करायला हरकत नाही.

गेल्या खेपेला दादा सहज म्हणाला, "अरे, हा टकल्या तर कधीच रिटायर झाला!" टकल्या हा आमचा हुकमी स्ट्रायकर. कार्यालयात अशा विधानाला तक्रार म्हणतात. मी ती दाखल करून घेतली.

अशा तक्रारींवर जगभरातल्या चाहत्यांनी एक उपाय काढला आहे, त्याला पॅच म्हणतात. ठिगळ फाटक्या कापडाला लावतात, पॅच धडधाकट गेमला लावतात, एवढाच काय तो फरक. जुन्या गेममध्ये यंदाचे खेळाडू, यंदाचे कपडे आणि यंदाचं गवत येतं. यातलं गवत एका दंतवैद्याने केलं आहे, त्यामुळे ते दाट, एकसारखं आणि थोडं पांढरट आहे. गोलच्या जाळ्या भूगोलाच्या एका निवृत्त मास्तरांनी विणल्या आहेत. चेहरे मात्र एकाच माणसाने केले असावेत, कारण दोनशे अठरा खेळाडूंना मिळून एकच नाक आहे. या मंडळींना कोणी पगार देत नाही आणि कोणी कामाचा जाबही विचारत नाही, तरी काम वेळेवर होतं. (हा प्रयोग आमच्या कार्यालयात करावा, असं मी अद्याप सुचवलेलं नाही.)

पॅच सदतीस तुकड्यांत मिळतो. छत्तीस तुकडे मी पहिल्याच आठवड्यात इंटरनेटवरून उतरवून घेतले. तेविसावा मिळेना. चाहत्यांच्या मंचावर रीतसर विचारणा केली, तेव्हा चौदा उत्तरं आली. पैकी नऊ जणांनी "आधी शोधून बघा" असं सांगितलं, चौघांनी "मलाही हवाय" म्हटलं, आणि एकाने लिहिलं, "मिळाला, धन्यवाद!" कुठे मिळाला, ते लिहिलं नव्हतं. अखेर आठ महिन्यांनी, ज्या दिवशी दादा यायचा होता त्याच दिवशी सकाळी, तेविसावा तुकडा मिळाला. याला योग म्हणतात.

दादा बरोबर एक वाजता आला. पाच वाजता त्याला बंदरावर नेणारी गाडी येणार होती. मी पॅचसोबत आलेलं सूचनापत्र मोठ्याने वाचून दाखवलं:

पायरी १. चालू असलेला गेम काढून टाका.
पायरी २. तोच गेम पुन्हा टाका.
पायरी ३. अँटिव्हायरस बंद करा. घाबरू नका.
पायरी ४. सदतीस तुकडे जोडा. "जुन्या फाइल्स पुसायच्या का?" असं विचारलं तर हो म्हणा.
पायरी ५. गेम उघडू नका.
पायरी ६ ते ८. गवत, जाळ्या, चेहरे.
पायरी ९. गेम अजूनही उघडू नका.
पायरी १०. बूट.
पायरी ११. उघडलात ना? पायरी १ पासून सुरू करा.

"पहिली पायरी कशाला?" दादा म्हणाला. "चालतोय की तो."

चालतोय म्हणूनच काढायचा, हे मी त्याला समजावून सांगितलं. माणूस जहाजावर राहिला की कार्यपद्धतीची सवय सुटते.

पावणेतीनपर्यंत चेहरे झाले. दादाने मधेच हात घालून गेम उघडला, तर तो चक्क सुरू झाला. खेळाडू मैदानात, शिट्टी वाजलेली. "चल, बस!" तो म्हणाला आणि त्याने जॉयस्टिक हातात घेतली.

"फक्त बूट राहिलेत," मी म्हणालो आणि पायरी अकराचा मान राखून पायरी एकपासून सुरुवात केली.

चहा घेऊन आलेली बायको दारातच थबकली. "अहो, भाऊजी काय तुमची पाठ बघायला आलेत?"

दादा हसला. मग त्याने खिडकीची सैल झालेली कडी बसवली, पंख्याचा आवाज बंद केला आणि माझ्या मागे खुर्ची ओढून बसला. तो एकदोनदा काहीतरी बोलू लागला होता. मी "एक मिनिट" म्हणालो. (अशी मिनिटं एकूण सतरा झाली.)

चार वाजून बावन्न मिनिटांनी काम फत्ते झालं. बुटांच्या नाड्यासुद्धा वाऱ्यावर हलत होत्या.

"टकल्या कुठाय?" दादाने विचारलं.

शोधलं. टकल्या मैदानाबाहेर सूट घालून उभा होता. पॅचनुसार तो आता प्रशिक्षक झाला होता आणि त्याला खेळवता येत नव्हतं.

"बरं झालं त्याचं," दादा म्हणाला. खाली गाडीचा हॉर्न वाजला. "मला डॉक्टरांचं तुला सांगायचं होतं... जाऊ दे. पुढच्या सुट्टीत बोलू."

तो जिना उतरून गेला तेव्हा मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. सूचनापत्रात यासाठी कोणतीही पायरी दिलेली नाही.

आता तुम्ही म्हणाल, काय हा वेडा माणूस! म्हणा. पण या गेममधला एक हाफ पाच मिनिटांचा असतो आणि हे सगळं वाचायला तुम्हाला साधारण तेवढाच वेळ लागला. मघाशी तुम्हाला कोणीतरी काहीतरी विचारत होतं आणि तुम्ही "एवढं वाचून होऊ दे" म्हणालात. झालं वाचून. वळून बघा, ते माणूस अजून खोलीत आहे का.