चार तासांचे जब्बारभाई

जब्बारभाईंनी माझ्या मामेसासऱ्यांच्या उशीतली हवा सोडली, तेव्हापासून आमचा घरोबा आहे.

मामेसासरे नांदेडहून रेल्वेनं आले होते आणि पुढं धुळ्याची बस सुटायला चार तास होते. नेमकं त्याच दिवशी आमच्या नळाला पाणी यायचं होतं. आमच्या गारखेड्यात आठवड्यानं येणारं पाणी सोडून स्टेशनवर जाणारा माणूस अजून जन्माला यायचाय. म्हणून मी शेजारच्या जब्बारभाईंना म्हटलं, जरा आमच्या मामांना बसस्टँडवर पोचवून द्याल का? जब्बारभाई गेले. मामा प्रतीक्षालयाच्या बाकावर, फुगवायच्या उशीवर डोकं ठेवून आडवे झाले होते. जब्बारभाईंनी नाव विचारून खात्री करून घेतली आणि उशीचं बूच उघडलं.

"चला मामा, उठा. टाइम हाय ना? मग शहर हाय."

मामा निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना उठवून उभं केलं, त्यांना उठवणारा हा पहिलाच. संध्याकाळी धुळ्याहून त्यांचा फोन आला. "कोण गं हा माणूस? माझे पाय राहिले नाहीत," असं म्हणाले, आणि फोन ठेवता ठेवता हळूच, "पुढच्या महिन्यात परत येतोय, त्याला सांगून ठेव."

जब्बारभाई सत्तरीचे आहेत. पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, फुटाणे आणि बसायला जुनी वर्तमानपत्रं. चाल इतकी झपझप की बरोबरच्या माणसाला अर्धं शहर त्यांच्या पाठीमागूनच बघावं लागतं. गुलमंडीवरच्या एका कापडाच्या दुकानात त्यांनी उभा जन्म काढला. मालक म्हणून नव्हे, गादीवर बसून थान उलगडून दाखवणारा माणूस म्हणून. दुकान सुटलं, हात काही स्वस्थ बसेनात. दाखवायला कापड उरलं नाही, तर ते शहर दाखवू लागले.

दाखवायची पद्धत मात्र दुकानातलीच. "पहिला थान भारी काढायचा नाय, वहिनी," ते मला समजावतात. "आधी मधला काढायचा. नजर तयार करायची. मग जरा बारीक पोताचा. भारी माल शेवटी. लोक येतात अन् सरळ मकबऱ्यावर जातात. मग बाकीचं शहर त्यांना खादीवाणी लागतं. शहराचा काय कसूर?"

म्हणून त्यांचा पाहुणा आधी पाणचक्कीला जातो. तिथं पाण्याच्या जोरावर फिरणारं जुनं जातं आहे, हौदात मासे आहेत, सावली आहे. मग दरवाजे. आमच्या शहरात जुने दरवाजे इतके आहेत की जब्बारभाईंना वाटेत विषय शोधावा लागत नाही. मग गुलमंडी. तिथं ते जुन्या दोस्ताच्या दुकानात शिरतात, पाहुण्याच्या खांद्यावर इथल्या खास हिमरू विणीची शाल पसरतात, आरशासमोर उभं करतात, फोटो काढतात, दोस्ताकडून चहा वसूल करतात आणि शाल घडी घालून परत देतात. "अंगावर घ्यायला पैसे पडत नाहीत. उलगडून तर बघा!" हे त्यांचं आवडतं वाक्य. मकबरा ते दाखवतात मागच्या बाजूनं, लेण्यांकडं चढणाऱ्या रस्त्यावरून. तिकीट नाही, गर्दी नाही, आणि अख्खा मकबरा समोर. कुणी पाहुणा म्हणालाच की ही तर ताजमहालाची नक्कल, तर जब्बारभाई दुखावत नाहीत. "तिकडं बादशाहनं बायकोसाठी बांधला. बायकोसाठी कोणीबी बांधंल. इथं पोरानं आईसाठी बांधला. जरा दमानं बघा," असं म्हणून त्याच्या हातावर फुटाणे ठेवतात.

पैसे खर्च करायला त्यांची सक्त मनाई. शेअर रिक्षा दिसत असताना पाहुण्यानं स्वतंत्र रिक्षाला हात केला तर तो हात ते स्वतः खाली करतात. पण सगळ्यात जास्त राग कशाचा असेल तर बसून राहण्याचा. "रिकामं बसलेलं गिऱ्हाईक घड्याळ बघतं. घड्याळ बघितलं की उठतं. उठलं की गेलं." त्यामुळं दोन गाड्यांच्या मधे अडकलेला माणूस म्हणजे त्यांच्या लेखी दुकानाच्या पायरीवर आलेलं गिऱ्हाईक. कॉलनीत आता कुणाकडं पाहुणा येणार असला तर लोक फोनवर हळू आवाजात बोलतात. उपयोग होत नाही. माझ्या नणंदेचे दीर डोळे तपासायला आले होते, डोळ्यांत औषध घातलेलं, समोरचं धड दिसत नव्हतं. त्यांनाही जब्बारभाईंनी नेलं. "दिसत नाय तर काय झालं, वास तर येतो," म्हणाले, आणि मसाल्याच्या बाजारातून फिरवून आणलं.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखंच होतं. मग गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी ते आमच्याकडं आले आणि बसले. जब्बारभाई बसले म्हणजे काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं.

त्यांचा मुलगा आसिफ बंगळूरला असतो. चांगली नोकरी, बायको समीना तीही नोकरीत, मुलगी झोया आठ-नऊ वर्षांची. पत्नी राबियाभाभी गेल्यापासून जब्बारभाई इथं एकटे, आणि आसिफचा एकच धोशा, घर विका आणि कायमचे इकडं या. आता घराला गिऱ्हाईक आलं होतं. आसिफ सहकुटुंब विमानानं सकाळी इथं उतरणार होता आणि दुपारच्या गाडीनं परभणीला, समीनाच्या भावाच्या लग्नाला जाणार होता. मधे चार तास. तेवढ्यात घराचं पक्कं करू, असं तो फोनवर म्हणाला होता.

"मला जायचं नाय, वहिनी," जब्बारभाई म्हणाले. "पण नाय म्हणायला बापाकडं कारण पायजे. मी त्याला चार तासांत शहर असं दाखवतो की त्यानंच म्हणावं, अब्बा, तुम्ही इथंच राहा."

"मग दाखवा की. तुमच्यासारखं कोण दाखवणार?"

"त्यासाठीच आलो. तुम्हाला शेजारी बसायचंय."

ही दुकानातली जुनी रीत मला त्या दिवशी कळली. मोठं गिऱ्हाईक आलं की त्याच्या शेजारी ओळखीतलं एखादं माणूस साधं गिऱ्हाईक म्हणून बसवायचं. त्यानं थानाला हात लावायचा, पोत चोळून बघायचा आणि आपल्याशीच म्हटल्यासारखं म्हणायचं, "वा, असा माल हल्ली मिळत नाही." बाकी काही बोलायचं नाही. मी विम्याच्या कचेरीत तीस वर्षं काढली आहेत. गिऱ्हाईकाला पटवणं मला नवीन नाही. मी हो म्हटलं, रजा टाकली आणि ठेवणीतली साडी नेसले.

पाणचक्कीला मी चोख काम केलं. हौदाच्या कठड्याला हात लावून म्हणाले, "वा! काय गारवा आहे! असा गारवा हल्ली मिळत नाही." झोया मासे मोजत होती. समीनानं हसून मान हलवली. आसिफनं माझ्याकडं बघितलं, मग बापाकडं, मग परत माझ्याकडं.

"काकू," तो म्हणाला, "अब्बांनी तुम्हाला शेजारी बसवलंय का?"

मी पदर सावरला. जब्बारभाई एकदम माशांना फुटाणे टाकायला लागले.

"मी लहानपणी दुकानात हेच करायचो," आसिफ हसत सुटला. "ईदच्या आधी मला बसवायचे. गिऱ्हाईक आलं की शेजारी बसवलेल्या बाईला मी म्हणायचं, अम्मी, मला याचाच कुर्ता पाहिजे. ती अम्मी कोण, मला माहीतही नसायचं." समीना इतकी हसली की तिला कठड्यावर बसावं लागलं. जब्बारभाईही हसले, पण त्यांची नजर आसिफच्या मनगटावरच्या घड्याळाकडं होती.

मग गुलमंडी झाली. इमरती खाऊन झाली, झोयाच्या अंगावर शाल झाली, फोटो झाला. पोरगी खूश होती. दुकानातल्या जुन्या दोस्तानं आसिफला मिठी मारली, "कित्ता बडा हो गया रे!" म्हणून गाल ओढला. मला वाटलं, जमलं. मी जब्बारभाईंना डोळ्यानं खुणावलंसुद्धा.

लेण्यांच्या रस्त्यावर जब्बारभाईंनी आपला भारी थान काढला. ऊन चढलं होतं, खाली मकबरा पांढराशुभ्र उभा होता. त्यांनी वर्तमानपत्रं अंथरली, सगळ्यांना बसवलं आणि पोरानं आईसाठी बांधल्याची गोष्ट नातीला सांगितली. मी आजवर ऐकली होती त्याहून त्यांनी ती फार छान सांगितली.

आसिफनं ती पुरी होऊ दिली. मग म्हणाला, "अब्बा, सगळं छान आहे. पण मी इथंच जन्मलो. मला हे काय दाखवता? मला एवढंच सांगा, बंगळूरला काय कमी आहे? गेल्या वर्षी दोन महिने होता तुम्ही. स्वतंत्र खोली, टीव्ही, स्वयंपाकाला बाई. कुणी काही बोललं का?"

"नाय रे. कोण बोलंल?"

"मग?"

घरात ही मंडळी आपसात दखनीत बोलतात, पण त्या दिवशी माझ्यासाठी सगळं मराठीत चाललं होतं. त्यामुळं ते सगळं मला जसंच्या तसं ऐकावं लागलं.  जब्बारभाई वर्तमानपत्राचा कोपरा बोटानं सारखा करत होते.

"लई चांगलं घर हाय तुझं," ते शेवटी म्हणाले. "पण दोन महिन्यांत मला कोणी कुठं नेलं नाय."

झोया पटकन आजोबांना म्हणाली, "दादा, आपण मॉलमधे गेलो होतो ना!"

"व्हय बेटा, गेलो होतो. तुझे बूट बदलायचे होते." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुम्ही सकाळी जायचे, रात्री दमून यायचे. तुमची चूक नाय. बाल्कनीतून एक झाड दिसायचं, जांभळ्या फुलांचं. रोज बघायचो. हे कसलं झाड म्हणून विचारायचं होतं. घरात कोणी नसायचं, अन् तुम्ही आल्यावर मी विसरून जायचो."

समीनानं मान खाली घातली. आसिफ मकबऱ्याकडं बघत राहिला. मी तिथं शेजारीच बसले होते. मला फार वाईट वाटलं. जो माणूस परक्याच्या मामेसासऱ्याला उठवून शहर दाखवतो, त्याला पोटच्या पोराच्या गावात दोन महिने एका झाडासमोर बसवून ठेवलं होतं, आणि ते कुणी मुद्दाम केलेलंही नव्हतं. भांडायला तरी कोणाशी भांडावं?

"चला," जब्बारभाईच उठले. "गाडी चुकंल."

स्टेशनवर आसिफनं घराचा विषय काढला नाही. गाडी हलली तेव्हा तो दारात उभा होता आणि बापाचा हात त्यानं जरा जास्तच वेळ धरून ठेवला. परतताना शेअर रिक्षात जब्बारभाई मला एवढंच म्हणाले, "बोलायला नको होतं, वहिनी. गिऱ्हाईकाला कधी दुखवायचं नसतं." मी त्यांना म्हटलं, तो तुमचं गिऱ्हाईक नाही, मुलगा आहे. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. पुढं आठवडाभर ते स्टेशनकडं फिरकले नाहीत. कॉलनीत दोन पाहुणे येऊन, झोपून, सुखरूप परत गेले.

आणि मग एका सकाळी आमची बेल वाजली. दारात जब्बारभाई, अंगात कोरा सदरा, त्याच्या घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या. आसिफचा फोन आला होता. घर विकायचं नाही, असं त्यानं गिऱ्हाईकाला कळवलं होतं. ऑफिसात चार दिवसांची रजा टाकली होती आणि विमानाचं तिकीट पाठवलं होतं, जायचं आणि यायचं, दोन्ही. "म्हणतो, अब्बा, पाहुणे म्हणून या. झोया अन् मी तुम्हाला फिरवतो. त्या झाडाचं नाव पण काढून ठेवलंय म्हणतो."

"अहो, मग चांगलंच झालं की!"

"चांगलं तर हायच." ते उंबऱ्यातच उभे. मी आत या म्हटलं तरी येईनात. सगळ्या गावाला हाताला धरून फिरवणारा हा माणूस परीक्षेला निघालेल्या पोरासारखा कावराबावरा झाला होता. "वहिनी, एक विचारू? मला आजवर कोणी फिरवलं नाय. आमची राबिया म्हणायची, कुठं तरी न्या, तर मीच पुढं चालायचो. फिरवून घेताना माणसानं करायचं काय असतं?"

"काही नाही. तो नेईल तिथं जायचं."

"अन् दमलो तर?"

"दमलो म्हणायचं."

"असं म्हटलेलं चालतं?"

"मुलगा आहे तुमचा, जब्बारभाई. चालतं."

त्यांनी मान हलवली, खाली बघितलं आणि बराच वेळ दारात आपल्या चपला शोधत राहिले. चपला त्यांच्या पायातच होत्या.