आबांनी विमान बघितलं

दगडूआबांनी उभ्या आयुष्यात नवीकोरी वस्तू घेतली नाही. निघोज्यात आमच्या शेजारीच त्यांचा बंगला आहे. त्याचे दरवाजे जुन्या बाजारातले, आणि मागच्या शेडमधल्या, कंपन्यांसाठी पत्रा दाबायच्या प्रेस मशिनीही दुसऱ्याने वापरलेल्या. "नव्याची खोड कुनाला ठाव? जुन्याची मालकाला इचारता येती," असं त्यांचं म्हणणं. मग मालकाला ठरलेला प्रश्न: "येवढं चांगलं हाय, तर इकता कशाला?"

त्यामुळे विमान जुनं घ्यायचं ठरलं याचं मला नवल वाटलं नाही. विमान घ्यायचं ठरलं याचं वाटलं.

कारण घरचंच होतं. लेक नागपूरला दिलेली, पहिलं बाळंतपण महिन्यावर आलेलं, आणि डॉक्टरांनी तिला प्रवासाला मनाई केलेली. म्हणजे आईनेच जायला हवं. आणि आई म्हणजे आमच्या काकू; त्यांना तर गाडी लागते. लागते म्हणजे चाकणच्या चौकापर्यंत जाईस्तोवर त्या पिवळ्या पडतात. लग्न झाल्यापासून लेकीचं घर त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

इंग्रजी कागद वाचायला आबांनी मला बरोबर नेलं. विमान चिमुकलंच होतं, चार-पाच माणसांचं. बैल पारखावा तसे आबा त्याच्याभोवती फिरले, मग मडकं वाजवावं तसं त्यांनी ते बोटाने वाजवून पाहिलं. विकायला आलेला कोटवाला दलाल कासावीस झाला.

"किती किलोमीटर पळालंय?"

"किलोमीटर नाही काका, याचे तास मोजतात."

"म्हंजी ट्रॅक्टरवानीच की!" आबा खुलले. मग आवाज खाली आणून त्यांनी खरा प्रश्न विचारला, "यात गाडी लागती का?"

"गाडी तर लागणारच, काका. घरापासून विमानतळापर्यंत."

आबांचा चेहरा उतरला. "मंग खिडकी तरी उघडती का?"

मला हसू आवरेना. कसाबसा दोघांना एकमेकांच्या बोलण्याचा अर्थ उलगडून सांगितला. पण कागदपत्रं व्हायला चार-सहा महिने तरी जातील, असं दलाल म्हणाला, आणि बाळ काही तेवढं थांबणार नव्हतं.

परतताना मी म्हणालो, "आबा, नागपूरला रोज विमानं जातात. दोन तिकिटं काढा की!"

आबा म्हणाले, "त्यात शंभर-दीडशे मानसं आसत्यात, राव. तिला उलटी झाली तर समदी बघत्याल. लई लाजती ती. म्हनलं, आपलं आसलं तर माझ्याबिगर कोन बघनार?"

एवढ्यासाठी हा माणूस विमान घ्यायला निघाला होता! मघाच्या हसण्याची मला लाज वाटली.

शेवटी तिकिटंच काढली. नातीचं बारसं उरकून दोघं परत आली. काकू पेढे घेऊन आमच्याकडे आल्या, तेव्हा मी भीतभीतच विचारलं, "काकू, विमान लागलं का हो?"

"लागलं की! चांगलं भडाभडा." काकू पदर तोंडाला लावून हसल्या. "ह्यांनी माझ्या हातातली पिशवी वढून घेतली. इमानातली पोरगी पानी घिऊन आली, तर तिला म्हनले, 'मलाच लागतंय बाई, ल्हानपनापासनं.' आन् नागपूर येईस्तोवर सोता तोंडाला रुमाल लावून बसले."