लिंडनचा मारेकरी

झाडाच्या मारेकऱ्याला आपणच पकडायचं, असं कॅझिमिर व्रोबेलनं सकाळी ठरवलं. (पहिली कॉफी संपायच्या आत ठरवलेली गोष्ट माणसानं निदान दुसरीपर्यंत तरी थोपवावी.)

बफेलो शहरात बत्तीस वर्षं खिळे, नळ, फावडी विकत आलेला हा माणूस. त्याला ठाऊक नाही अशी गोष्ट जगात नव्हती. असलीच, तर गिऱ्हाइकाला तिचा पत्ता लागत नसे. घरासमोर फुटपाथलगत नगरपालिकेनं लावलेलं लिंडनचं झाड चौथ्याच उन्हाळ्यात पिवळं पडलं. त्यासाठी बायको लॉरेननं तीन वर्षं अर्ज खरडले होते. पोर्चवर सावलीत बसून मटार सोलायचे, एवढीच तिची हौस. झाड मेलं, तर परत रांगेच्या शेपटाला. आणि आता रांग सात वर्षांची!

"सात वर्षांनी मी पंचाहत्तरची होईन," लॉरेन म्हणाली. "तेव्हा मला सावली नको, शाल लागेल."

कॅझ भडकला. त्यानं काय कमी केलं होतं? दर वसंतात, ओल टिकावी म्हणून, दुकानातली लाकडाच्या भुग्याची तीन पोती आणून बुंध्याभोवती गुडघाभर उंच वारूळ रचायचं, वर फावड्यानं थापटून गुळगुळीत करायचं. तरी झाड मरतं म्हणजे घातपातच!

त्यानं शेजारच्या डेलरॉय पिंकनीला कुंपणाशीच गाठलं.

"तुझं कुत्रं माझ्या झाडावर पाय वर करतं!"

"बिस्किट कुत्री आहे, कॅझ. ती बसते."

"मग बसून करत असेल! आणि हिवाळ्यात बर्फ वितळवायला मीठ कोण फेकतं?"

"मीच. तुझ्याच दुकानातलं. 'झाडांना बाधत नाही' म्हणून तूच गळ्यात मारलंस."

कॅझनं लाल रंगात पाटी रंगवून झाडाशी रोवली: 'मारेकऱ्या, आमची तुझ्यावर नजर आहे!' मग दुर्बीण घेऊन चार दिवस तो पोर्चवर ठाण मांडून बसला आणि झाडांच्या खात्याला अकरा फोन केले.

पाचव्या दिवशी व्हिटफील्डबाई आल्या. खात्यातल्या अधिकारी. पाटी वाचली, गुडघे टेकले आणि हातांनीच वारूळ उपसायला लागल्या. आतली साल काळी, ओली, कुजकी. भुग्यात फुटलेल्या मुळांनी बुंध्याला फास घातलेला.

"बुंधा मोकळा हवा हो. असं गळ्यापर्यंत पुरल्यावर ते गुदमरणार नाही तर काय? हे वारूळ रचलं कुणी?"

कॅझ रस्त्यावरून एखादी मोटार जाते का, ते पाहू लागला. एकही जाईना.

"बाई, जरा पुढेही बघा," डेलरॉय म्हणाला.

गल्लीत नऊ झाडं, नऊ वारुळं. सगळी गुळगुळीत थापटलेली. सगळ्यांना शिकवण एकाच गुरूची. (चौथं पोतं अर्ध्या किमतीत.)

"झाड वाचेल का?" लॉरेननं हळूच विचारलं.

"वाचेल. ही मुळं मी कापते. बाकीची वारुळं आजच्या आज हटवा."

संध्याकाळी कॅझ दारोदार भुगा उपसत होता. आपल्या पोर्चवरून डेलरॉय सूचना देत होता. बिस्किट प्रत्येक ढिगाऱ्याशी येऊन वास घेई, आणि बसे.

नववं झाड मोकळं करून, कंबर धरत कॅझ घरी परतला. पाटी जागेवरच होती. फक्त तोंड आता रस्त्याकडे नव्हतं, त्याच्या खुर्चीकडे होतं. आणि शेजारच्या खुर्चीत मांडीवर मटारची परडी घेऊन बसलेल्या लॉरेननं दुर्बीण डोळ्यांना लावली होती.