गूळ घ्या

भिवामामा लग्नाच्या भर पंगतीत उठून "गूळ घ्या" असं ओरडायचे, आणि पत्रावळी तशाच टाकून सारं गाव ज्वारीत पळायचं. एकदा नवरदेव बसून राहिला, तर त्याला म्हणाले, "हळद लागली म्हून धाड माफ करती व्हय?"

निजामी अमदानीचं ते शेवटचं वर्ष. कुरुंद्याच्या आसपास रझाकारांच्या धाडी पडत होत्या आणि आमच्याकडे विळ्या-कोयत्यांपलीकडे काही नव्हतं. म्हणून मामांनी ठरवलं, लढायचं नाही, सापडायचं नाही. उंच ज्वारीत गप बसायचं. लेकरू रडू नये म्हणून त्याच्या तोंडात गुळाचा खडा, इशाराही तोच, आणि सराव कधीही, भर पंगतीतसुद्धा. मामा म्हणायचे, "धाड म्हनलं की बाया रडत्यात. गूळ म्हनलं की पोरं म्होरं पळत्यात."

मी वसमतला सातवीपर्यंत शिकलेला. पहाऱ्याच्या पाळ्यांचा तक्ता सुबक अक्षरात लिहून मी चावडीवर लावला होता. तो कोणी वाचला नाही. एका शेळीनं खालची ओळ तेवढी खाल्ली. आणि या अंगठाबहाद्दराच्या दोन शब्दांवर माझी आईसुद्धा धावायची. मला ते बघवेना.

एका दुपारी शिवेवर खरा गूळवाला भेटला, बैलावर ढेपा लादलेला. मी म्हणालो, "आमच्या गावाला कमी ऐकू येतं. पारावर उभं राहून जोरात ओरडा." मामांचं हसं झालं असतं, तर पुन्हा त्यांच्या हाकेला कोणी धावलं नसतं. हे मला कळत होतं, तरी सांगितलं.

तो ओरडला. भाकरी तव्यावर सोडून गाव रिकामं झालं. पारावर उरलो मी आणि तो.

"काहून हो," तो म्हणाला, "माझा गूळ एवढा वाईट हाय का?"

मी हसत होतो, तोच ज्वारीतून मामा परत धावत आले. गूळवाल्याकडे पाहिलंही नाही. माझ्यापुढं पाठ वाकवून धापा टाकत म्हणाले, "बापू, पाय गळाले व्हय रे? व्हतं असं. बस."

नाही म्हणावं तर सगळं सांगावं लागलं असतं. मी त्यांच्या पाठीवर बसलो.

हाक खऱ्या गूळवाल्याची होती हे कळल्यावर, मी पाठीवर बसून आलो म्हणून गाव मला हसू लागलं. मामांनी दटावलं, "पोरगं भ्यालं व्हतं. हसू नका. शब्द माझाच चुकला, दुसरा घेऊ."

गूळवाला मी पाठवला होता, हे त्यांना कधीच सांगितलं नाही. आज लिहितो. मामांना बायको नव्हती, लेकरू नव्हतं. पंधरा दिवसांनी खरी धाड आली आणि धाडवाल्यांना माणूस सापडला नाही. नव्या शब्दाची हाक देऊन मामा आधी माझ्या दारात आले होते, पाठ वाकवूनच.