सहाच्या घंटेला ओत्तावियो ओरडला

ओत्तावियोने आठवडाभर आधीच छाती ठोकून सांगितलं होतं, "नीवेसला बोटीवरून उतरवून घ्यायचं, पोटभर जेवायला घालायचं, खोली दाखवायची आणि विचारून टाकायचं. संपलं! यात चुकायला आहेच काय?"

नीवेस म्हणजे त्याची थोरली बहीण. लग्न करून अर्जेंटिनाला गेली ती तिकडचीच झाली. आता नवऱ्याच्या, आल्फ्रेदोच्या, माघारी ती क्रूझवर निघाली होती, आणि तिची बोट इटलीतल्या आमच्या साव्होनाच्या धक्क्याला सकाळी लागून संध्याकाळी सुटणार होती. ओत्तावियोची बायकोही गेलेली. संध्याकाळी घरात आवाज म्हणजे नळाचा. बहिणीला "आता इथंच राहा" म्हणायचं, एवढाच त्याचा बेत होता.

पण हे गावात कुणाला कळता कामा नये! एक तर नीवेसचा स्वभाव असा, की तिसऱ्याने 'अमुक कर' म्हटलं की ती हटकून उलटं करणार. आणि दुसरं म्हणजे टगबोटीवर आयुष्य काढलेल्या या गड्याला एकटेपणा चारचौघांत कबूल करायची लाज वाटायची. कुणी विचारलं की म्हणायचा, "मजेत आहे. कुणाची कटकट नाही!"

सांगावं लागलं ते फक्त खालच्या मजल्यावरच्या इर्माला, कारण खोलीचं छत रंगवताना शिडी तिने धरली होती. इर्माने मादोनाची, म्हणजे मेरीमातेची, शपथ घेतली, "मेले तरी बोलणार नाही!" ती मेली नाही, म्हणून बोलली.

धक्क्यावर भाऊबहीण गळ्यात गळा घालून रडले. तिथपर्यंत सगळं ठीक होतं. मग दोघं पिया गल्लीत शिरले, आणि मासेवाली ओल्गा हात पसरून दुकानाबाहेर आली.

"नीवेस! आलीस बाई एकदाची! आता काय, कायमची..."

"मासे शिळे आहेत!" ओत्तावियो ओरडला आणि बहिणीला ओढत पुढे गेला. ओल्गा जन्मात कधी गप्प बसलेली नव्हती, ती तोंड उघडं टाकून तशीच उभी राहिली.

पुढच्या वळणावर बाचीन न्हावी हातात वस्तरा घेऊन धावत आला. "नीवेस, ऐकलं ते खरं का गं?"

"नंतर! तिकडे गिऱ्हाइकाच्या तोंडावर फेस वाळतोय!" म्हणत ओत्तावियोने तिला आडगल्लीत ढकललं.

"अरे, बाचीनने तुझ्या लग्नात अकॉर्डियन वाजवलं होतं," नीवेस म्हणाली.

"बेसूर वाजवलं होतं."

आता जेवण तरी सुखाने होईल म्हणून तो तिला फारिनाताच्या दुकानाकडे घेऊन गेला. हरभऱ्याच्या पिठाची ती गरम पोळी भट्टीतून निघताना जो वास सुटतो, त्यासाठी नीवेस अर्धी पृथ्वी ओलांडून आली होती. काचेतून ओत्तावियोने पाहिलं, तर आत अर्धी आळी ग्लास उंचावून तिचीच वाट बघत बसलेली! तो दारातूनच मागे फिरला.

"बंद आहे."

"बंद कसं? माणसं जेवतायत की!"

"जेवणासाठी बंद आहे."

 नीवेसच्या मनात भलतंच काही शिजायला लागलं होतं. आपला भाऊ मासेवालीशी बोलत नाही, न्हाव्याला चुकवतो, भटारखान्यात पाय ठेवत नाही. याने सगळ्या गावाशी वैर घेतलंय की काय?

उरली होती खोली. पण घराच्या कोपऱ्यावर येताच ओत्तावियोच्या तोंडचं पाणी पळालं. इर्माने बाल्कनीतून पलंगाची चादर सोडली होती आणि तिच्यावर हातभर अक्षरांत रंगवलं होतं, 'नीवेस, घरी स्वागत!' खाली शेजारणी केक घेऊन उभ्या होत्या. नीवेसचा चष्मा पर्समध्ये होता, हेच काय ते नशीब. त्याने तिला पाठमोरं केलं.

"हे आपलंच घर ना रे?"

"गळतंय. आत जाता येत नाही."

"आणि खाली जमल्यात त्या?"

"त्या... गळती बघायला आल्यात!"

शेवटी दोघं किल्ल्याच्या भिंतीपाशी बाकावर बसले आणि तिच्या पर्समधली बोटीवरची बिस्किटं खाल्ली. समोर समुद्र होता, जवळपास कुणी नव्हतं. विचारायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. ओत्तावियोने घसा खाकरला आणि बोलायला लागला तो गळक्या नळांबद्दल! नळ संपले तेव्हा पन्हळींबद्दल बोलला. शब्द ओठांपर्यंत यायचे आणि माघारी फिरायचे. आयुष्यभर मोठमोठ्या बोटी ओढून धक्क्याला लावणाऱ्या माणसाला एक वाक्य ओढून आणता येईना. सूर्य उतरायला लागला.

परतताना दोघं मामेली चौकात पोहोचले. नीवेसने थांबून त्याचा हात धरला.

"ओत्तावियो, मला सगळं कळलंय. गावाने तुला वाळीत टाकलंय ना? सांग, मी एकेकाची हजेरी घेते. नाहीतर तू माझ्याबरोबर चल."

तो उत्तर देणार, एवढ्यात सहाची घंटा झाली.

आमच्याकडे सहाची घंटा म्हणजे युद्धात कामी आलेल्यांच्या आठवणीची घंटा. ती वाजायला लागली की चौकात जो जिथे असेल तिथे थांबतो. गाड्या थांबतात, सायकली थांबतात, भांडणंसुद्धा अर्ध्या शिवीवर थांबतात. त्या दिवशीही थांबलं सगळं. टोपली घेतलेली ओल्गा थांबली, दुकान बंद करून निघालेला बाचीन थांबला, दिवसभर या दोघांना शोधत केक घेऊन फिरणारी इर्मा झेब्रा क्रॉसिंगवर थांबली.

घंटा सावकाश वाजत होती. ओत्तावियो टोपी हातात घेऊन उभा होता. ही घंटा संपली की धक्क्यापर्यंतचा रस्ता, आणि मग बोट. त्याला बायको आठवली, आई आठवली, ते वाजणारे नळ आठवले. आणि ज्या शांततेत आमच्याकडे लहान मूलही रडत नाही, त्या शांततेत तो ओरडला.

"जाऊ नकोस गं नीवेस! मी फार एकटा पडलोय!"

घंटा वाजतच राहिली. कुणी हललं नाही, कुणी मान वळवली नाही, पण सगळ्या चौकाने ऐकलं. शेवटचा ठोका विरला तेव्हा ओत्तावियो लाल झाला होता आणि नीवेस रडत होती.

तिने त्याचे गाल दोन्ही हातांत धरले. "नाही रे राजा. माझी पोरं तिकडे आहेत. आल्फ्रेदोला तिथंच मातीत ठेवलंय. मला नाही राहता यायचं."

मग ती वळली आणि डोळे पुसून कडाडली, "आणि तुम्ही? एवढं गाव भरलंय, आणि माझा भाऊ एकटा जेवतो? लाजा वाटत नाहीत?"

"आम्हाला वाटायचं तो मजेत आहे," बाचीन पुटपुटला.

"आम्ही बोलावलं तर म्हणायचा, कटकट नको!" इर्मा म्हणाली.

"मग करा ना कटकट!" नीवेस म्हणाली आणि केकचा तुकडा उचलून बोटीकडे चालायला लागली. अख्खा चौक तिला पोचवायला गेला. बोट दिसेनाशी झाल्यावरही ओत्तावियो हलेना, तेव्हा ओल्गाने त्याला दंडाला धरून जेवायला घरी नेलं.

ते जे सुरू झालं, ते आजतागायत. सोमवारी ओल्गाकडे जेवण, मंगळवारी बाचीनकडे पत्ते, आणि इर्मा तर दार न वाजवताच आत येते. परवा नीवेसचा फोन आला. मागे चारपाच जणांचा कालवा चालला होता, त्याहून मोठ्याने ओरडून ओत्तावियोने सांगितलं, "वीट आलाय गं या लोकांचा! काही कर, पण तुझ्याकडे एक खोली मोकळी ठेव. महिनाभर येतो, जरा एकटं राहायला!"