डोमाकाकाची नीळ

आमच्या शेजारचे डोमाकाका भिंत चाटतात. खोटं नाई सांगत. आमच्या नेर गावामंदी कोनी घर इकाले काढलं का हे हजर, बलावो का नको. भिंतीले जीभ लावतात, डोळे मिटतात अन् म्हनतात, "खारट हाये. वल चढली." घरमालक काठी घेऊन काकाच्या मांगं, अन् गिऱ्हाईक पुढच्या दारानं पसार.

पह्यले गवंडी व्हते. आता हात कापतात, काम सुटलं, पन चाटनं सुटलं नाई. "मानूस खोटं बोलते, पानी नाई बोलत," हे त्याईचं नेहमीचं. धोतर मातीच्या रंगाचं, तरी हर बाजारी निळीची पुडी घेतात. दुकानदार म्हनते, "काका, नीळ भाकरीसंगं खाता का?" घरी सोताची हीर, तिच्यावर फळ्या ठोकल्या, वर दगड ठेवला, अन् या वयात कावड घेऊन गावहिरीचं पानी आनतात. आम्ही बाया हासत व्हतो. मले काय मालूम.

माहा पह्यला पोरगा हगवणीनं गेला, सहा महिन्याचा. आता पोरगी चार महिन्याची. तिचं दुपटं जरा जास्त भरलं का मी रातभर दिवा इझवत नाई. त आमच्या घरच्याईनं एक घर पाह्यलं, आंगनात हीर. मले वाटलं, सुटली बापा, आता पानी आपल्या हातचं. तेवढ्यात काका आले. भिंत चाटली. "चांगली हाये," म्हनले. मी खुश. मंग न्हानीपासून हिरीपरेंत पावलं मोजली, पुडी फोडली अन् सारी नीळ न्हानीच्या मोरीत ओतली, वरून घागरीवर घागरी पानी.

घरमालक वरडला, "बुढ्या, न्हानीले नीळ देऊन राह्यला का?"

"पोरी, तीन दिवस थांब," काका मले म्हनले. "मंग बयाना द्या."

पह्यल्या दिवशी हिरीचं पानी काचेवानी. दुसऱ्या दिवशीबी तसंच. घरमालक म्हने, दुसरं गिऱ्हाईक उभं हाये. मले राहावलं नाई, मी काकाले नाई तसं बोलली. "तुम्हाले कोनाचं घर झालेलं पाह्यवत नाई!"

काका हिरीत वाकून पानी पाहत राह्यले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मीच बादली वढली. पितळीत पानी ओतलं त कळेना, म्हनून पोरीच्या पांढऱ्या दुपट्यावर ओतलं. निळसर डाग उमटला.  म्हंजे न्हानीतलं सारं, दुपटे धुतलेलं पानीसुदिक, जमिनीतून हिरीत जाऊन राह्यलं व्हतं. अन् तेच मी पोरीले पाजनार व्हती.

त्या घराचा नाद सोडला. दिवस बुडता पोरीले कडेवर घेऊन काकाकडे गेलती. ते आपल्या हिरीच्या दगडापाशी बसले व्हते.

"चुकली, काका."

"इथची न्हानी म्याच बांधली," ते म्हनले. "हिरीले लागून. बायकोले पानी लांबून आनाचं नको म्हनून. लय मजबूत बांधली. भिंतीले अजून वल नाई." दगडावरची माती पुसत राह्यले. "आमची पोरगी दोन वर्साची व्हती."

मले पुढं इचारवलं नाई.

"नीळ तवा सुचली नाई, माय. मंग सुचली."

माह्या पोरीकडे लय वेळ पाह्यलं. हात नाई लावला. मंग कावड उचलली.

"काहून वो काका? आताच त खेप आनली तुम्ही."

"हे खेप हिची," म्हनले, अन् रिकाम्या घागरी वाजवत गावहिरीकडं चालले.